‘चार माथेफिरू’ नावाची पळवाट: महाड १९२७ ते पुणे २०१३ (थ्रेड)

१/ गेल्या महिन्यात चवदार तळ्यावर लिहिलेल्या थ्रेडखाली एकच वाक्य निरनिराळ्या नावांनी इतक्या वेळा आले, की त्याला स्वतंत्र उत्तर देणे भाग आहे. वाक्य असे: “प्रत्येक समाजात चार माथेफिरू असतातच, त्यांच्यावरून समाजाला बोल लावू नये.” वरवर समंजस वाटणारे हे वाक्य इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. उजव्या अतिरेकाला लोकशाहीत जी जागा मिळते, ती बहुतांशी याच वाक्याच्या आडोशाने मिळते, असे माझे प्रतिपादन आहे. थ्रेड दीर्घ आहे; सवडीने वाचावा.

२/ प्रथम व्याख्या, म्हणजे पुढे शब्दांवरून भांडण नको. परंपरा जपावी, बदल सावकाश व्हावा, असे मानणारा माणूस पुराणमतवादी. लोकशाहीत त्याला पूर्ण जागा आहे आणि असलीच पाहिजे. जन्माने, धर्माने वा वंशाने ठरलेली उतरंड पवित्र आहे आणि तिच्या रक्षणासाठी हिंसा क्षम्य आहे, असे मानणारा तो उजवा अतिरेकी. पहिला मतपेटीत हरला तर पुढच्या निवडणुकीची तयारी करतो. दुसरा हरला की काठी शोधतो.

३/ आता महाड. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला: सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही स्थळे अस्पृश्यांना खुली असावीत. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव करून चवदार तळे खुले केले. कागदावर प्रश्न सुटला. पुढली तीन वर्षे तळ्यावर एकही अस्पृश्य माणूस पाण्याला गेला नाही, कारण ठराव अमलात आणण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही.

४/ १९ आणि २० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी महिनोन्महिने खपून ती घडवून आणली होती. परिषदेला आलेल्या माणसांना प्यायला पाणी मिळेना, म्हणून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे नगरपालिकेचे, ठराव नगरपालिकेचा, आणि पाणी विकतचे! २० तारखेला डॉ. आंबेडकरांसह सारा समुदाय शिस्तीने तळ्यावर गेला आणि पाणी प्याला. कायद्याने जे आधीच दिले होते, तेवढेच त्यांनी घेतले.

५/ त्यानंतर काही वेळातच गावात अफवा उठली: आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार. परिषदेत तसा ठराव नव्हता, तसा बेतही नव्हता. डाकबंगल्यात उतरलेल्या आंबेडकरांनी भेटायला आलेल्यांना तसे स्पष्ट सांगितलेही. तरी मंडपात जेवत असलेल्या, घरी परतायला निघालेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. खेड्यापाड्यांत निरोप गेले आणि परतणाऱ्यांना वाटेत गाठून मारहाण झाली.

६/ येथे थांबून एक प्रश्न विचारावा. लाठ्या चालवणारे किती होते? काही शेकडा असतील. परंतु अफवा किती जणांनी खरी मानली? किती जणांनी दारे लावून घेतली? किती जणांनी मनात म्हटले, “मार बसला हे वाईट, पण त्यांनीही तळ्यावर जायला नको होते”? माथेफिरूंच्या गणतीत हे लोक येत नाहीत. आणि यांच्यावाचून त्या दिवशीचा हल्ला उभा राहिला नसता.

७/ पुढचा प्रसंग याहून बोलका आहे. तळे ‘बाटले’ म्हणून शुद्धीचा विधी झाला. तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून त्यांत शेण, गोमूत्र, दूध, दही कालवले आणि मंत्रोच्चारात ते पुन्हा तळ्यात ओतले. हे काम मध्यरात्री तोंड झाकून कोणी केले नाही. गावच्या प्रतिष्ठितांनी दिवसाढवळ्या केले. अतिरेकाचे हे दुसरे रूप आहे: लाठी थकली की विधी सुरू होतो, आणि विधीत सामील व्हायला सज्जनांनाही संकोच वाटत नाही.

८/ आणि तिसरे रूप ठरावाचे. ऑगस्ट १९२७ मध्ये, म्हणजे बोले ठरावानंतर बरोबर चार वर्षांनी, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. हिंसा झाली, आणि हिंसा करणाऱ्यांना जे हवे होते ते लोकनियुक्त संस्थेने त्यांना देऊन टाकले. कारण बहुधा तेच दिले गेले असेल जे आजही दिले जाते: गावात शांतता राहावी. या थ्रेडमधली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर हा ठराव लक्षात ठेवा.

९/ “शांतता राहावी” म्हणून हक्क मागे घेणाऱ्या संस्थेला वाटते की आपण तंटा मिटवला. प्रत्यक्षात तिने भाव जाहीर केलेला असतो. पुढच्या वेळी काय मागायचे आणि त्यासाठी किती डोकी फोडावी लागतील, याचा हिशेब समोरच्याला मिळालेला असतो.

१०/ आता प्रतिकार करणाऱ्यांकडे पाहू. मार्चच्या त्या दिवशी परिषदेत पलटणीत राहून आलेले अनेक पेन्शनर होते. उलट हल्ल्याची परवानगी ते मागत होते. आंबेडकरांनी ती नाकारली आणि फिर्यादीचा मार्ग धरला. खटला चालला, नऊ आरोपींपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. मार खाल्लेल्यांनी न्यायालय आणि छापखाना ही दोन साधने निवडली. लोकशाही कोणाच्या हाती सुरक्षित होती, ते यावरून ठरवावे.

११/ डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा परिषद. महाडात कोणी हिंदू जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने ती दिली. तत्पूर्वीच सनातनी मंडळींनी दिवाणी दावा लावून तळ्याच्या वापराविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. परंतु तळ्यावर जायचे की नाही, यावर प्रदीर्घ चर्चा होऊन सत्याग्रह तहकूब झाला. हजारो माणसे जमली होती, तळे हाकेच्या अंतरावर होते, आणि न्यायालयाचा हुकूम पाळला गेला.

१२/ दावा लावणाऱ्यांना मी अतिरेकी म्हणणार नाही. ते न्यायालयात गेले. तो त्यांचा अधिकार होता. तळे खासगी आहे, अस्पृश्यांना मज्जावाची रूढी अनादि आहे, असे त्यांचे म्हणणे. महाड, ठाणे, मुंबई अशा पायऱ्या चढत १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने अखेरचा निकाल दिला: अशी अनादि रूढी सिद्ध झालेली नाही. पाण्याच्या एका ओंजळीसाठी दहा वर्षे! तरीही लाठीपेक्षा हा मार्ग श्रेष्ठ, कारण यात हरलेल्यालाही गावात राहता आले.

१३/ एक आक्षेप रास्त आहे. १९२७ ला कुठली लोकशाही? राज्य इंग्रजांचे, मताधिकार मूठभरांना. खरे आहे. म्हणूनच महाड अधिक महत्त्वाचे. लोकनियुक्त संस्थेचे अंकुर नुकते फुटत होते आणि त्याच क्षणी तिच्यासमोर जमाव उभा राहिला. पुढे संविधान सभेत, नोव्हेंबर १९४८ मध्ये, आंबेडकरांनी बजावले, की भारताच्या मुळात लोकशाहीविन्मुख जमिनीवर लोकशाही हा वरवरचा थर आहे आणि संविधानिक नीती प्रयत्नपूर्वक रुजवावी लागेल. हे ज्ञान त्यांना पुस्तकांतून जितके मिळाले, तितकेच महाडच्या रस्त्यावर मिळाले असावे.

१४/ त्याच वर्षीच्या जानेवारीत ‘माथेफिरू’ या शब्दाची खरी परीक्षा झाली होती. २० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनात स्फोट होऊन मदनलाल पाहवा पकडला गेला. रुईया महाविद्यालयाचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मदनलालकडून पूर्वी ऐकलेली कटाची हकीकत मुंबई सरकारच्या मंत्र्यांना सांगितली. दहा दिवस हाती होते. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला. खुनी एक होता; त्याच्याभोवतीची शांतता मात्र अनेकांची होती.

१५/ ही शांतता किती निर्धास्त होती, ते नोव्हेंबर १९६४ मध्ये कळले. गोपाळ गोडसे व इतर सुटून आल्याबद्दल पुण्यात सत्यविनायकाची पूजा झाली. त्या समारंभात ग. वि. केतकर यांनी जाहीरपणे सांगितले, की नथुरामचा इरादा आपल्याला आधी ठाऊक होता. केतकर म्हणजे टिळकांचे नातू आणि ‘केसरी’चे एकेकाळचे संपादक. त्यावरून गदारोळ झाला, १९६६ मध्ये कपूर आयोग नेमला गेला आणि १९६९ मध्ये त्याचा अहवाल आला. माथेफिरूच्या ओळखीत संपादक, पूजेला यजमान आणि टाळ्यांना श्रोते असतील, तर तो माथेफिरू कसला? तो एका वातावरणाचा प्रतिनिधी आहे.

१६/ तितक्याच स्पष्टपणे दुसरी बाजू. गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात खेडोपाडी ब्राह्मणांची घरे जाळली गेली. ज्यांचा गोडसेशी आडनावाखेरीज संबंध नव्हता, कित्येकदा तोही नव्हता, ती कुटुंबे रस्त्यावर आली. हाही अतिरेकच होता. जन्मावरून अपराध ठरवणे हे ज्या विचाराविरुद्ध आपण लढतो, त्याचेच तत्त्व आहे. उजव्या अतिरेकाला उत्तर देताना त्याचे व्याकरण उसने घेतले, की लढाई हरलीच.

१७/ आणि ५ जानेवारी २००४. जेम्स लेन यांच्या पुस्तकाच्या निमित्ताने पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला. ग्रंथ, हस्तलिखिते, कपाटे यांची नासधूस झाली. हल्लेखोरांची राजकीय जातकुळी निराळी होती, ते स्वतःला उजवे म्हणवत नव्हते. पण सरकारचा प्रतिसाद ओळखीचा होता: पुस्तकावर बंदी आणि लेखकावर गुन्हा. ती बंदी २०१० पर्यंत चाललेल्या न्यायालयीन वाटचालीत टिकली नाही. महाड नगरपालिकेचा १९२७ चा ठराव आठवला ना? काठी ज्याच्या हाती, त्याची मागणी मंजूर.

१८/ “शिवरायांचा विषय आहे, भावना दुखावतात,” असे मला नेहमी सांगितले जाते. माझे घर हिरकणीवाडीत, रायगडाच्या अगदी पायथ्याशी आहे. दर जूनला गडावर लोटणारी गर्दी दारावरून जाते. त्या भावनेचे मोल मला नव्याने शिकवण्याची आवश्यकता नाही. परंतु राजांवर प्रेम करणाऱ्याने हस्तलिखिते फाडावीत, हे प्रेमाचे कोणते लक्षण? गोविंद पानसरे यांनी १९८८ मध्ये ‘शिवाजी कोण होता?’ हे छोटे पुस्तक लिहिले आणि ते घराघरांत पोचले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात सकाळी फिरून येताना पानसरे दांपत्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २० फेब्रुवारीला पानसरे गेले.

१९/ त्याआधी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर. नंतर ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडला एम. एम. कलबुर्गी. ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळुरूत गौरी लंकेश. दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलन केले, त्याचा वटहुकूम त्यांच्या खुनानंतर चार दिवसांत निघाला. जे विधेयक जिवंत माणसाच्या युक्तिवादाने पुढे सरकत नव्हते, ते त्याच्या मृतदेहाने सरकवले. ही आपल्या विधिमंडळाच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट नाही.

२०/ आणि न्याय? दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ रोजी निकाल लागला: दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. सूत्रधारापर्यंत पोचण्यात तपासयंत्रणा अपयशी ठरल्याचे न्यायालयाने नमूद केले. गोळी झाडणारे हात सापडायला आणि शिक्षा व्हायला पावणेअकरा वर्षे लागली. त्या हातांमागचे डोके अद्याप कायद्याला अज्ञात आहे. “चार माथेफिरू” या सिद्धांताला याहून सोयीचा निकाल दुसरा नसेल. डोके सापडले नाही, की डोके नव्हतेच असे म्हणायला आपण मोकळे.

२१/ हा आजार एकट्या महाराष्ट्राचा नाही. म्युनिकमध्ये १९२३ च्या नोव्हेंबरात हिटलरने सत्ता उलथवण्याचा प्रयत्न केला. चार पोलीस मारले गेले. सहानुभूती बाळगणाऱ्या न्यायाधीशांनी राजद्रोहाबद्दल पाच वर्षे दिली आणि डिसेंबर १९२४ मध्ये तो बाहेर होता. त्याच जर्मनीत २००० ते २००७ या काळात एका नवनाझी टोळीने दहा खून केले, पैकी नऊ बळी स्थलांतरित कुटुंबांतले. पोलीस मात्र वर्षानुवर्षे मृतांच्याच नातलगांवर संशय घेत राहिले. २०११ मध्ये टोळी उघडकीस आली, तीही योगायोगाने. पीडितालाच जाब विचारण्याची सवय युरोपलाही आहे.

२२/ उलट उदाहरणही पाहावे. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेत एका उजव्या अतिरेक्याने ७७ माणसे मारली, त्यांत बहुसंख्य तरुण होते. त्या देशाने विशेष कायदा केला नाही. साध्या न्यायालयात खटला चालवला आणि तिथली सर्वाधिक, म्हणजे २१ वर्षांची, वाढवता येणारी स्थानबद्धता दिली. तो वेडा होता का, यावर तज्ज्ञांचे दोन परस्परविरोधी अहवाल आले. न्यायालयाने त्याला शुद्धीवरचा ठरवले. म्हणजे ‘माथेफिरू’ ही पळवाट त्यांनी रीतसर तपासली आणि बंद केली. शिवाय आयोग नेमून पोलिसांच्या त्रुटी जाहीर छापल्या.

२३/ “मग नक्षलवाद्यांचे काय?” हा प्रश्न येणारच. गडचिरोलीत त्यांनी केलेली हत्या हत्याच आहे. परंतु एक भेद पाहा. नक्षलवाद्याला ‘माथेफिरू’ म्हणून कोणी सोडून देत नाही. त्याची संघटना, पैसा, पुस्तके, सहानुभूतीदार, साऱ्यांचा शोध घेतला जातो, कधीकधी मर्यादेबाहेर जाऊनही. तोच राज्यकर्ता दुसऱ्या टोकाला मात्र एकेकटे, भरकटलेले तरुण पाहतो. कायद्याची नजर एका डोळ्याने अधू असेल, तर त्याला तटस्थता म्हणत नाहीत.

२४/ आमच्या वाडीला जिचे नाव आहे, त्या हिरकणीची कथा सर्वांना ठाऊक आहे. दरवाजे बंद झाले, तान्ह्या बाळाच्या ओढीने गवळण कडा उतरून गेली. ती दंतकथा आहे. इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. पण लोकांनी ती तीनशे वर्षे का जपली, हे पाहण्यासारखे आहे. गड अभेद्य नाही हे एका गरीब बाईने दाखवून दिले, आणि कथेतल्या राजाने तिचा सन्मान करून त्या जागी बुरूज बांधला. लोकांच्या मनातले चांगले राज्य ते, जे खिंड दाखवणाऱ्याला शिक्षा न करता खिंड बुजवते. आपण दाभोलकरांना, पानसऱ्यांना काय दिले?

२५/ काहीच बदलत नाही, असे मात्र नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात जुलै २०१७ पासून लागू आहे. तो होण्यामागे आमच्याच रायगड जिल्ह्यातील गावकीच्या बहिष्काराची प्रकरणे होती. ज्यांना वाळीत टाकले गेले, ती माणसे गप्प बसली नाहीत; पोलीस ठाण्यात गेली, वर्तमानपत्रांत गेली, न्यायालयात गेली. महाडचा धडा त्यांनी गिरवला होता, मग त्यांनी तो वाचलेला असो वा नसो.

२६/ म्हणून माझे मागणे लहान आहे. अफवा हाती आली की ती पुढे ढकलण्याआधी वीरेश्वराचे देऊळ आठवा. व्याख्यान, पुस्तक वा नाटक ‘शांततेसाठी’ रद्द झाले, तर रद्द करणाऱ्या संस्थेला लेखी जाब विचारा. मार खाल्लेल्याला “तू तिथे का गेलास?” असे विचारू नका. आणि आपल्याच जातीतला, आपल्याच बाजूचा माणूस काठी उचलत असेल, तर पहिला विरोध आपला असावा. सहस्रबुद्धे यांनी तो केला. अनंतराव चित्रे यांनी केला. महाड नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले सुरबानाना टिपणीस यांनी केला. त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला आणि त्यांनी तो पत्करला.

२७/ महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव केला, तेव्हा तिच्यापाशी अमलात आणण्याचे धैर्य नव्हते. १९२७ मध्ये तो मागे घेतला, तेव्हा तिच्यापाशी विवेक नव्हता. दोन्ही वेळा सभागृहात एकही माथेफिरू बसलेला नव्हता.

थ्रेड समाप्त. मतभेद, दुरुस्त्या, अधिक माहिती खाली अवश्य लिहा. शिव्यांना उत्तर मिळणार नाही. पुढचा थ्रेड: बोले ठरावाचे इतर नगरपालिकांनी काय केले.